अंगण वाकडं नाही

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याच्या सुनेला लावतो, नाहीतर क्रिकेटच्या टीमला. आज मी ती वैद्यकशास्त्राला लावणार आहे, आणि तीही मधुमेहाच्या बाबतीत. म्हणजे प्रत्येक मराठी घरात ज्या विषयाचे किमान दोन तज्ज्ञ असतात, नेमका तोच विषय. तेव्हा चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच लिहायला बसलोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मधुमेही घराण्यातला एक वाचणारा माणूस आहे, इतकंच.

गेले काही महिने आफ्रिकेतल्या मधुमेहाबद्दल मिळेल ते वाचतोय. त्यात एक शब्द पावलोपावली आडवा येतो. 'एटिपिकल'. मराठीत म्हणायचं तर चाकोरीबाहेरचा, नेहमीसारखा नसलेला. आफ्रिकी लोकांमधला 'एटिपिकल' मधुमेह. मला या शब्दाचा राग येतो. तो का येतो, हे सांगण्यासाठी ही पोस्ट.

आधी चाकोरी कुठली ते बघू. मधुमेहाचे मुख्य खण दोन. टाइप १ मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा बिथरते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. बहुतेकदा लहान वयात होतो, रक्तात त्या हल्ल्याच्या खुणा म्हणजे अँटीबॉडीज सापडतात, आणि इन्सुलिन जन्मभर घ्यावं लागतं. टाइप २ म्हणजे आपला ओळखीचा. वय वाढतं, पोट सुटतं, आई-वडिलांकडून आलेलं असतंच, इन्सुलिन तयार होतं पण शरीर त्याला दाद देत नाही. गोळ्या, पथ्य, सकाळचं फिरणं. व्यवहारात अनेक ठिकाणी डॉक्टर रुग्णाकडे बघूनच खण ठरवतात. बारीक पोरगा असेल तर एक, ढेरीवाला गृहस्थ असेल तर दोन. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर हे खण बेतले, आणि तिथे ते बऱ्यापैकी बसतात.

आता आफ्रिकेत चला.

२०२५ च्या जुलैमध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात एक अभ्यास आला. कॅमेरून, युगांडा आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतले ८९४ रुग्ण. सगळ्यांना तिशीच्या आत मधुमेह झालेला, आणि सगळ्यांच्या कागदावर 'टाइप १' लिहिलेलं. संशोधकांनी त्यांच्या रक्तात अँटीबॉडीज शोधल्या. सुमारे ६५ टक्के लोकांमध्ये त्या सापडल्याच नाहीत. टाइप १ कडे झुकवणारा जनुकांचा ठसाही या लोकांत नव्हता. त्यांचं स्वादुपिंड थोडंफार इन्सुलिन बनवत होतं. खऱ्या टाइप १ पेक्षा जास्त, पण टाइप २ पेक्षा कमी. म्हणजे ना हा खण, ना तो. अमेरिकेतल्या तशाच एका मोठ्या अभ्यासातल्या रुग्णांशी तुलना केली, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे १५ टक्के असेच निघाले. गोऱ्या रुग्णांत मात्र हा प्रकार दिसला नाही. त्यांच्यातल्या अँटीबॉडी नसलेल्या लोकांतही टाइप १ कडे झुकवणारा जनुकांचा ठसा होता, म्हणजे ते टाइप १ चेच होते.

मला सांगा, एखाद्या पेपरात वर्गातली पासष्ट टक्के मुलं नापास झाली, तर आपण मुलांना 'एटिपिकल' म्हणू, की पेपर काढणाऱ्या मास्तरांना बोलावून घेऊ? तिघांतले जवळजवळ दोघे ज्या चाकोरीच्या बाहेर आहेत, ती त्यांची चाकोरी नाहीच. ती दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि यांच्यावर लादलेली आहे. अंगण सरळ आहे हो, नाचणाऱ्याला जमत नाहीये.

बरं, हे २०२५ मध्येच कळलं असंही नाही. १९५५ साली ह्यू-जोन्स नावाच्या डॉक्टरांनी जमैकातल्या मधुमेह्यांवर लिहिलं. जमैका म्हणजे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचं बेट. तिथे त्यांना काही रुग्ण असे दिसले, की वयाने तरुण, अंगाने बारीक, इन्सुलिन भरपूर लागणारे, पण इन्सुलिन चुकलं तरी टाइप १ वाल्यांसारखे कीटोन वाढून बेशुद्ध न पडणारे. पुस्तकात बसेनात. त्यांनी प्रामाणिकपणे वेगळं नाव दिलं, 'जे टाइप'. जमैकाचा जे. पुढे आफ्रिकेतून आणि आशियातून अशाच रुग्णांची वर्णनं येत राहिली. शेवटी १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'कुपोषणाशी संबंधित मधुमेह' असा स्वतंत्र वर्ग केला.

आणि १९९९ मध्ये काढून टाकला.

कारण असं दिलं, की कुपोषणानेच मधुमेह होतो याचा खात्रीलायक पुरावा नाही. आता हे वाक्य शास्त्रीय दृष्ट्या चूक नाही, पण थोडा विचार करा. पुरावा कुठून येणार होता? पुरावा गोळा करायला प्रयोगशाळा लागते, पैसा लागतो, वर्षानुवर्षं रुग्णांचा माग ठेवावा लागतो. हा आजार जिथे आहे तिथे नेमक्या याच गोष्टी नाहीत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? 'पुरावा मिळाला नाही' आणि 'पुरावा कुणी शोधलाच नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खण काढून टाकल्यामुळे रुग्ण काही नाहीसे झाले नाहीत. त्यांची मोजणी तेवढी थांबली. २००९ मध्ये इथिओपियातल्या गोंदर भागात काम करणाऱ्या डॉक्टरांनी खेड्यातल्या गरीब, खंगलेल्या, बहुतांशी पुरुष रुग्णांवर एक निबंध लिहिला. कुपोषणाच्या मधुमेहाची बंद फाइल पुन्हा उघडावी का, असा प्रश्न त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. त्यानंतर सोळा वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या परिषदेत ती उघडली. नाव दिलं 'टाइप ५'. जगभरात असे दोन ते अडीच कोटी लोक असावेत, मुख्यतः आशिया आणि आफ्रिकेत, असा त्यांचा अंदाज आहे. यामागच्या संशोधनात आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा मोठा वाटा आहे, आणि २०२२ साली तिथल्या रुग्णांवर निघालेल्या महत्त्वाच्या निबंधाचा पहिला लेखक कॅमेरूनचा आहे. हे वाचून मला बरं वाटलं. ज्यांच्या अंगणाला वाकडं म्हटलं, तेच आता फूटपट्टी घेऊन उतरलेत.

१९५५ ते २०२५. सत्तर वर्षं.

इथे आमचे काका (जे ही पोस्ट वाचून कॉमेंट टाकणार नाहीत, थेट फोन करतील) म्हणणार, "अरे, साखर ती साखर. तिला टाइप एक म्हण, पाच म्हण, नाहीतर पंचवीस म्हण. औषध घ्यायचं आणि गप्प बसायचं. नावात काय ठेवलंय?" काकांचा मुद्दा साधा दिसतो, पण तो अनेक शहाण्या लोकांचाही आहे. त्यांचं म्हणणं, आफ्रिकेत कित्येकांना इन्सुलिनच मिळत नाही. २०२१ च्या आकडेवारीत तिथले निम्म्याहून जास्त मधुमेही, ५४ टक्के, आपल्याला मधुमेह आहे हेच न कळलेले होते. तिथे खणांचा कीस काढत बसणं म्हणजे घर जळत असताना पडद्याचा रंग निवडणं.

काका, एरवी मी तुमच्याशी वाद घालत नाही, पण हे पटत नाही. नावावरून औषध ठरतं. शेतात राबणारा विशीतला हडकुळा मुलगा आहे. घरात दोन वेळचं अन्न निश्चित नाही. डॉक्टर त्याला बघून 'टाइप १' म्हणतात आणि त्या हिशोबाने इन्सुलिनचा डोस लिहून देतात. इन्सुलिन घेतलं आणि रात्री जेवायला मिळालं नाही, तर साखर इतकी खाली जाते की माणूस झोपेतच संपू शकतो. त्याच्या शरीराला कदाचित खूप कमी डोस पुरला असता, कदाचित गोळ्याही चालल्या असत्या, आणि पोटभर प्रथिनयुक्त जेवण तर नक्कीच लागलं असतं. पण कागदावर 'टाइप १' आहे ना! मग जेवणाचा प्रश्न कोण विचारणार?

आता नेमकं उलटं उदाहरण घ्या. १९९४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुश भागातल्या डॉक्टरांनी, मेरी ॲन बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांबद्दल लिहिलं. प्रौढ माणूस, अनेकदा अंगाने भरलेला, अचानक हॉस्पिटलात येतो. साखर आभाळाला भिडलेली, रक्तात कीटोन, जिवावर बेतलेलं. पुस्तक म्हणतं, कीटोन म्हणजे टाइप १, म्हणजे इन्सुलिन जन्मभर. पण यांच्यात अँटीबॉडीज नाहीत. आणि गंमत म्हणजे काही आठवडे-महिने इन्सुलिन दिल्यावर यांच्यातल्या बऱ्याच जणांचं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं. इन्सुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करता येतं, कधी कधी काही वर्षांसाठी. या प्रकाराला 'फ्लॅटबुश डायबिटीस' असं त्या वस्तीचंच नाव पडलं. पॅरिसमध्ये राहणाऱ्या, सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या लोकांतही तो दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या वर्गीकरणात त्याला जागा दिली, पण 'मिश्र प्रकार' या डब्यात. ज्या गरीब माणसाला दर महिन्याला इन्सुलिन विकत घ्यावं लागतं, ते टिकवायला फ्रिज नसल्यामुळे मडक्यात ठेवावं लागतं, त्याला ते आयुष्यभर लागणार की सहा महिने, हा पडद्याच्या रंगाचा प्रश्न आहे का?

खणांचं इतकं झालं. पण फूटपट्टीसुद्धा सरळ नाही, हे मला जास्त टोचतं.

आपण सगळे ज्या तीन महिन्यांच्या साखरेच्या रिपोर्टवर खूश किंवा नाराज होतो, ती एचबीएवनसी चाचणी रक्तातल्या लाल पेशींवर किती साखर चिकटली ते मोजते. पेशी साधारण तीन-चार महिने जगते, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. आठ दिवस उघड्यावर राहिलेल्या भांड्यावर जेवढी धूळ बसते, तेवढी चार दिवसांच्या भांड्यावर बसत नाही. तुम्ही धूळ बघून हवा किती खराब ते ठरवत असाल, तर भांडं किती दिवसांचं आहे हे आधी विचारायला हवं. आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांत जी६पीडी नावाच्या जनुकाचा एक प्रकार असतो, त्यात लाल पेशी लवकर मरतात. म्हणून साखर जास्त असूनही रिपोर्ट चांगला येतो. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या सुमारे ११ टक्के लोकांत हा प्रकार आहे, आणि असलेल्या पुरुषांत चाचणीचा आकडा सरासरी ०.८ ने कमी येतो. फक्त या चाचणीवर विसंबलं तर एकट्या अमेरिकेतले साडेसहा लाख आफ्रिकी वंशाचे मधुमेही हातातून निसटतील, असा त्यांचा हिशोब होता. त्याच वर्षी सिकलसेलचं एक जनुक बाळगणाऱ्यांबद्दलही असंच दिसलं, त्यांच्यात आकडा ०.३ ने कमी. उलट लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर आकडा उगाच जास्त येऊ शकतो. म्हणजे जिथे ॲनिमिया आणि सिकलसेल दोन्ही घरोघरी, तिथे आपण हा एकच आकडा घेऊन निवाडे करणार?

आणि हो, हे फक्त 'त्यांचं' नाही. सिकलसेल आणि जी६पीडी हे मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहिलेले बदल आहेत, कारण मलेरियापासून ते थोडं संरक्षण देतात. म्हणून सिकलसेल आपल्या नंदुरबारमध्ये आहे, गडचिरोलीत आहे, विदर्भात आहे. तिथल्या एखाद्याचा एचबीएवनसी छान आला म्हणून पेढे वाटण्याआधी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साधी साखर तपासलेली बरी.

इथे मला एका दुसऱ्या खड्ड्याबद्दलही बोलायचंय, कारण पहिल्यातून निघून सरळ त्यात पडायची सवय असते. ती म्हणजे 'आफ्रिकी शरीरच वेगळं' असं म्हणून मोकळं व्हायचं. युरोपची फूटपट्टी नको म्हणून वंशाची फूटपट्टी आणायची! अहो, आफ्रिका म्हणजे एक गाव आहे का? जनुकांच्या दृष्टीने जगात सगळ्यात जास्त विविधता आफ्रिकेतच आहे. गोंदरचा उपाशी शेतकरी, कंपालाचा तरुण आणि ब्रुकलिनचा टॅक्सीवाला यांना एकाच 'आफ्रिकी मधुमेहा'त कोंबणं हा जुन्याच चुकीचा नवा अवतार आहे. कीटोनवाला तो प्रकार आशियाई आणि लॅटिन अमेरिकी लोकांतही सापडतो. आणि २०२५ च्या अभ्यासातले ते ६५ टक्के लोक 'टाइप ५' मध्येही सरळ बसत नाहीत. म्हणजे नवा खण मिळाला म्हणून सगळ्यांना त्यात ढकलायचं हेही चालणार नाही. 'टाइप ५' बद्दल घाई झाली असं म्हणणारे तज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या शंका मला रास्त वाटतात. फक्त शंकेचा उपाय मोजणी हा आहे. १९९९ सारखं पान फाडून टाकणं नव्हे.

सोपी उत्तरं किती फसवतात याचं एक उदाहरण देतो. कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपला एकादशीचा साबुदाणा होतो, तो आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न आहे. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी अशी मांडणी पुढे आली, की कसावा आणि प्रथिनांची कमतरता यांनी स्वादुपिंड खराब होतं आणि मधुमेह होतो. केरळातही टॅपिओका खातात आणि तिथेही स्वादुपिंडात खडे होणारा मधुमेह होता. कोडं सुटल्यासारखं वाटलं! पण पुढे कसावा न खाणाऱ्या भागांतही तोच आजार सापडला आणि कसावा भरपूर खाणाऱ्या कित्येक भागांत सापडेना. मांडणी मागे पडली. गरिबाच्या ताटाकडे बोट दाखवणं सोपं असतं. ताट रिकामं का आहे हे विचारणं अवघड.

आपण पुण्या-मुंबईच्या लोकांनी तरी हे लगेच समजून घ्यायला हवं. आपल्या चाकोरीबाहेरच्या शरीराचं गणित पुण्यातच मांडलं गेलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वरून बारीक, आतून जाड. तोवर भारतीय माणूस 'एटिपिकल' होता. वजन कमी असून मधुमेह कसा होतो म्हणे! मोजल्यावर कळलं, की भारतीय माणूस विचित्र नव्हता, बीएमआयची पट्टी अपुरी होती. आपल्यासाठी हे मोजणारं कुणीतरी आपल्यातच होतं. कॅमेरून-युगांडा-इथिओपियात ते आता होतंय. जनुकांच्या अभ्यासांत २०१६ पर्यंत जगभरात सामील झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि आफ्रिकी वंशाचे अवघे ३ टक्के. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शीत त्याच भांड्यातलं तरी पाहिजे ना?

मग करायचं काय? प्रत्येक रुग्णाच्या महागड्या चाचण्या कराव्यात असं मी म्हणत नाही. ते परवडणार नाही हे मलाही कळतं. पण प्रत्येक देशात एकदा तरी नीट नमुना घेऊन अँटीबॉडीज आणि सी-पेप्टाइड (म्हणजे स्वतःचं इन्सुलिन किती तयार होतं त्याची खूण) मोजता येतील. कागदावर 'टाइप १' लिहिण्याआधी 'घरी खायला काय असतं?' हा प्रश्न विचारायला एक पैसा लागत नाही. कीटोन घेऊन आलेल्याला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून बघता येईल, की इन्सुलिन अजून लागतंय का. आणि कुठेच बसत नसेल तर 'अजून माहीत नाही' असं लिहायला लाजू नये. 'अजून माहीत नाही' हे रुग्णाबद्दल खरं बोलणं आहे. 'एटिपिकल' म्हणजे आपलं अज्ञान त्याच्या नावावर लिहिणं.

१९२३ मध्ये इन्सुलिनचं पेटंट टोरंटो विद्यापीठाला नाममात्र एका-एका डॉलरला दिलं गेलं, ते औषध सगळ्यांचं व्हावं म्हणून. औषध सगळ्यांचं होईल तेव्हा होईल. निदान रोगाचं वर्णन तरी सगळ्यांचं असावं, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

असो. बरंच लांबलं. जाता जाता घरच्या मंडळींना हात जोडून विनंती: हे वाचून कुणीही स्वतःचं इन्सुलिन किंवा गोळ्या बंद करायच्या नाहीत. मावशी, हे खास तुझ्यासाठी. शंका असेल तर डॉक्टरांना विचार, मला नाही. आणि ब्लॉगवाल्या मित्रांमध्ये कुणी डॉक्टर असेल आणि माझं काही पटलं नसेल, तर खाली जरूर भांडा. काकांचा फोन तर येईलच.